मे महिन्यात अर्थिंग, श्रावणात मेगर: घर, दुकान आणि मागाच्या शेडची वीज-तपासणी

प्रश्न थोडक्यात असा: बेळगावच्या शहापूर भागात पंचवीस वर्षांपूर्वीचं घर आहे. पुढच्या खोलीत कापडाचं दुकान, वर राहणं, परड्यात पत्र्याच्या शेडमध्ये चार माग. गेल्या पावसाळ्यात आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) दिवसातून तीन-चार वेळा पडायचा, म्हणून वायरमनने तो काढून फेज-न्यूट्रल थेट जोडून दिले. तेव्हापासून काही त्रास नाही. हातात गेल्या ऑगस्टचा एक कागद आहे, त्यावर 'अर्थिंग १.८ ओम, ठीक' एवढंच लिहिलंय. आता दुकानात एसी आणि वर गीझर बसवायच्या आधी पूर्ण तपासणी करून घ्यायची आहे. काय तपासून घ्यावं, आणि कागदावर काय असावं?

उत्तर

एसी आणि गीझर थांबू शकतात, आरसीसीबी थांबू शकत नाही. तो आधी परत बसवून घ्या. पावसाळ्यात तो पडत होता तो बहुधा आपलं काम करत होता. वायरमनने पडणं बंद केलं, गळती जिथल्या तिथे आहे. बिल वाढलं नाही म्हणजे गळती नाही, असंही समजू नका. २० मिलिअँपिअरची गळती चोवीस तास चालू राहिली तरी महिन्याला सव्वातीन युनिटच्या आसपास होते. गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना) शून्य बिल येणाऱ्या घरात तर ती कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आता त्या १.८ ओमबद्दल. आकडा चांगला दिसतो, पण तो ऑगस्टचा आहे, आणि ऑगस्टमध्ये आपल्याकडे जवळपास कुठलंही अर्थिंग चांगलंच दिसतं. शिवाय १.८ ओम खरा धरला तरी तो एकट्याने तुम्हाला वाचवत नाही. हिशोब करून बघा. घरगुती आणि दुकानाच्या जोडणीला अर्थिंग ग्राहकाने आपल्याच जागेत खड्डा घेऊन करायचं असतं. फ्रिजच्या बॉडीला फेज लागला की करंट तुमच्या खड्ड्यातून मातीत उतरतो, मातीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगला पोचतो आणि तिथून न्यूट्रलला मिळतो. तुमचा खड्डा १.८ ओम आणि ट्रान्सफॉर्मरचा २ ओम धरला तर २३० भागिले ३.८, म्हणजे साधारण ६० अँपिअर. १६ अँपिअरचा सी कर्व्हचा (नेमलेल्या करंटच्या पाच ते दहा पटीला झटक्यात पडणारा) एमसीबी, म्हणजे जादा करंट झाला की लाईन तोडणारा स्विच, तत्क्षणी पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. साठला तो तापून पडेल, पण काही सेकंद घेऊन. तेवढा वेळ फ्रिजच्या बॉडीवर १०८ व्होल्ट असतील.

हाच खड्डा मे महिन्यात सुकून ८ ओमवर गेला असं समजा. आता करंट २३ अँपिअर, बॉडीवर १८४ व्होल्ट. एमसीबीचं मानक सांगतं की नेमलेल्या करंटच्या १.४५ पट करंटला तो तासाभरात पडलाच पाहिजे. १६ अँपिअरसाठी हा आकडा २३.२ येतो. म्हणजे २३ अँपिअरला तो तासभर न पडता बसून राहिला तरी त्यात एमसीबीचा दोष नाही. आरसीसीबीचं गणित वेगळं आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर बॉडीवर ५० व्होल्ट चढायच्या आत तो पडायला हवा, आणि त्यासाठी खड्डा १६०० ओमचा असला तरी भागतं. 'अर्थिंग भक्कम आहे, आरसीसीबी कशाला?' हे म्हणणं म्हणूनच उलटं आहे.

याचा अर्थ खड्डा कसाही चालेल असा काढू नका. आरसीसीबी हे स्प्रिंगचं यंत्र आहे, वर्षानुवर्षं हलवलं नाही तर अडकतं. वीज कडाडल्यावर लाईनवर येणारा दाबाचा झटका सर्ज प्रोटेक्टरला (असा झटका वळवणारं उपकरण) जमिनीत उतरवायला वाटही अर्थिंगचीच लागते.

मातीचा भाग

बेळगाव जिल्ह्यात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण इथे पश्चिमेला आणि पूर्वेला दोन वेगळे देश आहेत. खानापूर, जांबोटी, बेळगाव तालुक्याची पश्चिम बाजू इथे तांबडी माती, मुरूम, खाली जांभा. पाऊस धो-धो, पण पाणी थांबत नाही. खड्ड्यात टाकलेलं मीठ दोन-तीन पावसाळ्यांत धुऊन जातं आणि जाता जाता पाईपचं गॅल्व्हनायझिंग खाऊन जातं. अथणी, रायबाग, गोकाक, बैलहोंगलच्या काळ्या जमिनीत उलट आहे. ओली असताना काळी माती अर्थिंगला उत्तम, पण उन्हाळ्यात ती आक्रसते, भेगा पडतात आणि पाईपभोवती बोटभर फट राहते. पाईप जमिनीत आहे, मातीला मात्र टेकत नाही.

एक ढोबळ नियम लक्षात ठेवा. ४० मिलिमीटर जाडीचा, अडीच मीटर लांबीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप सरळ उभा गाडला, तर त्याचा रोध मातीच्या रोधकतेच्या (माती करंटला किती अडवते त्या आकड्याच्या) साधारण एक तृतीयांश येतो. ओल्या काळ्या मातीची रोधकता १० ओम-मीटर धरली तर सव्वातीन ओमच्या आसपास. सुक्या मुरमात ती ३०० धरली तर शंभर ओम. मग कितीही मीठ-कोळसा टाका, एका पाईपने भागत नाही. दोन पाईप घ्यायचे, एकमेकांपासून किमान ५ मीटरवर, म्हणजे पाईपच्या लांबीच्या दुप्पट. जवळजवळ गाडले तर दोघांचा मिळून फायदा अर्धाही मिळत नाही. भिंतीपासून दीड मीटर दूर. मिठाऐवजी बेंटोनाइट माती भरली तर ती ओल धरून ठेवते आणि पाईपही खात नाही. खड्ड्याचं झाकण उघडता येईल असं ठेवा. फरशी टाकून गाडलेला खड्डा तपासता येत नाही, आणि उन्हाळ्यात पाणीही घालता येत नाही.

तर अर्थिंग मोजायचं ते एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये, वळवाच्या पावसाआधी. त्या दिवशी ५ ओमच्या आत आलं तर वर्षभर काळजी नाही.

मोजायची रीत: मेन बंद करून खड्ड्याकडे जाणारी अर्थिंगची पट्टी सोडवायची. बंद न करता सोडवली तर सगळ्या घराच्या बॉडी निराधार होतात, हे लक्षात ठेवा. मग अर्थ टेस्टरचा लांबचा खिळा ३० ते ४० मीटरवर, मधला त्याच्या ६२ टक्क्यांवर. रीडिंग घेऊन मधला खिळा दोन-तीन मीटर पुढे-मागे करून परत दोन रीडिंग. तिन्ही जवळपास सारखी आली तरच आकडा खरा. खिळे पाच-सहा मीटरवर ठोकून घेतलेलं रीडिंग हमखास कमी येतं, तुमचा १.८ असाच आलेला असू शकतो.

आता शहापूर-वडगाव-खासबागच्या गल्लीत ४० मीटर मोकळी माती मिळायची कुठे? तिथे खिळ्यांचा हट्ट सोडून लूप टेस्टर वापरायला सांगा. सॉकेटमध्ये लावला की फेजपासून तुमचा खड्डा, माती, ट्रान्सफॉर्मर असा पूर्ण फेरा तो ओममध्ये दाखवतो. खड्ड्याचा एकट्याचा आकडा मिळत नाही, पण बिघाड झाल्यावर करंट ज्या वाटेने जाणार त्याच वाटेचा मिळतो. आरसीसीबी लावलेला असताना टेस्टर 'नो-ट्रिप' सेटिंगवर ठेवावा लागतो, नाहीतर प्रत्येक वेळी घर अंधारात.

आरसीसीबी का पडत होता, ते कसं शोधायचं

बहुतेक वायरमन इथे एक गोष्ट विसरतात. क्रम असा ठेवा. सगळे प्लग काढा, सगळे एमसीबी खाली करा, फक्त आरसीसीबी वर करा. तो टिकला तर एकेक एमसीबी वर करत जा. ज्याला पडला त्या लाईनमध्ये फेजची गळती. पण सगळे एमसीबी बंद असतानाही पडला, तर 'आरसीसीबीच खराब' म्हणून निकाल देऊ नका. आपल्याकडचे एमसीबी सहसा सिंगल पोल असतात. ते फेज तोडतात, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. कुठे न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना टेकले असतील तर एमसीबी बंद करून ते सुटत नाहीत. अशा वेळी मेन बंद करून न्यूट्रल बारवरची एकेक वायर काढायची आणि त्या-त्या न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मेगर (वायरीचं इन्सुलेशन मोजणारं यंत्र) लावायचा. जिथे काटा शून्याकडे गेला ती वायर दोषी.

न्यूट्रल-अर्थिंग टेकण्याची कारणं तीनच, फिरून फिरून तीच. एक, सॉकेटच्या मागे ओलसर भिंतीत सडलेलं इन्सुलेशन. दोन, स्क्रूखाली चिमटलेली वायर. तिसरं सगळ्यात वाईट: सॉकेटला अर्थिंगची वायर आलेलीच नसते, म्हणून वायरमन न्यूट्रलवरून एक छोटा तुकडा अर्थिंगच्या पिनला मारतो. टेस्टरचा दिवा लागतो, ग्राहक खूश. पुढे कधी त्या लाईनचा न्यूट्रल तुटला की मिक्सरच्या बॉडीवर, वॉशिंग मशिनवर पूर्ण २३० व्होल्ट चढतात. तीन दिव्यांचा जो स्वस्त सॉकेट टेस्टर मिळतो तो ही चूक पकडत नाही; त्याच्या दृष्टीने सगळं बरोबरच असतं. सॉकेट उघडून डोळ्यांनी बघणं, याशिवाय उपाय नाही.

तुमच्या घरी आणखी एक शक्यता आहे. मागांची जोडणी वेगळ्या आर. आर. नंबरवर (बिलावरचा जोडणीचा नंबर) असेल, घर-दुकानाची वेगळ्या. शेडमधला एखादा दिवा घराचा फेज आणि मागाच्या मीटरचा न्यूट्रल घेऊन चालत असेल, तर आरसीसीबीतून गेलेला करंट आरसीसीबीतून परत येत नाही आणि तो पडतो. गळती नसते, फक्त न्यूट्रल उसना असतो. दोन भावांच्या वाटणीनंतर एका घराची दोन घरं झालेल्या गल्ल्यांत हे सर्रास सापडतं. आणि यात जिवाचा धोका असा की तुम्ही घराचा मेन बंद करून काम करता, पण न्यूट्रल दुसऱ्या मीटरकडून जिवंत राहतो. म्हणून तपासणीच्या दिवशी दोन्ही मेन बंद करा आणि फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या मीटरने बघा. पेनासारख्या टेस्टरच्या दिव्यावर जीव ठेवू नये.

सगळं निर्दोष सापडूनही आरसीसीबी पडत असेल तर साचलेली गळती मोजा. मिलिअँपिअर दाखवणारा क्लँप मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र धरून लावायचा. संगणक, एलईडीचे ड्रायव्हर, सीसीटीव्हीचे अडॅप्टर यांची थोडीथोडी गळती त्यांच्या रचनेतच असते. ३० चा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो, म्हणून उभी गळती ९-१० च्या आत ठेवायची. त्याहून जास्त असेल तर दुकान आणि घर वेगळ्या आरसीसीबीवर टाका. मोठ्या आकड्याचा एकच आरसीसीबी लावणं हा उपाय नाही. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा आग रोखायला उपयोगी आहे, माणसाला शॉकपासून वाचवायला तो कामाचा नाही. नवीन घेताना ए टाईपचा घ्या. इन्व्हर्टर एसी आणि आजची वॉशिंग मशिनं ज्या तऱ्हेची गळती देतात ती जुना 'एसी टाईप'चा आरसीसीबी (इथे एसी हे प्रकाराचं नाव, वातानुकूलन यंत्र नव्हे) नीट ओळखत नाही.

काढून ठेवलेला जुना आरसीसीबी फेकू नका. टेस्टरवर लावून बघा: १५ ला पडायला नको, ३० ला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडायला हवा, १५० ला ४० च्या आत. या आकड्यांत बसला तर तूर्त तोच परत लावा. टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं ते यंत्र मोकळं राहावं म्हणून. बटण दाबल्यावर पडला म्हणजे अर्थिंग ठीक, असा त्याचा अर्थ होत नाही, कारण त्या बटणाला अर्थिंगची वायर लागतच नाही.

मेगर

अर्थिंग उन्हाळ्यात मोजायचं, तसं इन्सुलेशन पावसाळ्यात. जुलै-ऑगस्टमध्ये, दोन-तीन दिवस झड लागून गेल्यावर. मे महिन्यात ८० मेगाओम दाखवणारी लाईन श्रावणात ०.४ वर आलेली दिसली की समजायचं, गच्चीच्या स्लॅबमधल्या पाईपात पाणी आहे. उन्हाळ्यात केलेला मेगर हे दाखवतच नाही. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, कौलांखालून लाकडी पट्टीतून फिरवलेल्या जुन्या वायरी, अशा घरांत तर पावसाळ्याचं रीडिंगच खरं.

तुम्ही म्हणाल, ऑगस्टपर्यंत थांबायचं का? नाही. आता एकदा करा, जे सरळ सरळ खराब आहे ते सापडेल. ऑगस्टमध्ये फक्त मेगर परत करा.

५०० व्होल्टचा मेगर. मेन बंद, आरसीसीबी आणि सर्ज प्रोटेक्टर सर्किटबाहेर, इन्व्हर्टर सोडवलेला, सगळे प्लग आणि एलईडी काढलेले, स्विच मात्र चालू, नाहीतर स्विचच्या पुढची वायर तपासलीच जात नाही. सुरुवातीला फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून दोघांचा अर्थिंगशी मेगर करा. एखादा एलईडी ड्रायव्हर चुकून राहून गेला असला तरी असा जळत नाही. मिनिटभर धरून रीडिंग. १ मेगाओमच्या खाली नापास. १ ते ५ च्या मध्ये आलं तर लाईन वाचेल, पण पुढच्या पावसाळ्यात आधी तिच्याकडे बघा.

नापास लाईनला टेप गुंडाळून पास करू नका. पाईपात पाणी शिरत असेल तर पाणी येण्याची जागा बंद करायची आणि वायर बदलायची, दोन्ही. नुसती वायर बदलली की दोन वर्षांनी हेच परत.

वायर, एमसीबी आणि जॉइंट

एसी-गीझरसाठी याच भागाकडे लक्ष द्या. पंचवीस वर्षांपूर्वीच्या घरात पॉवर पॉइंटला १.५ चौरस मिलिमीटरची वायर सापडणं अगदी शक्य आहे, आणि ती तापून एमसीबी पडायला लागला म्हणून कुणी तरी ३२ चा एमसीबी टाकलेला असणंही. आता वायर पेटेल, एमसीबी पडणार नाही. एमसीबी वायरचं रक्षण करतो, म्हणून वायर बघून एमसीबी निवडायचा, यंत्र बघून नव्हे. पाईपातून नेलेल्या तांब्याच्या वायरीला १.५ चौरस मिलिमीटरला १० चा, २.५ ला १६ चा, ४ ला २० किंवा २५ चा एमसीबी धरून चाला. २ किलोवॅटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो, ३ किलोवॅटचा १३, दोन्हींना २.५ ची स्वतंत्र वायर आणि १६ चा एमसीबी पुरतो. दीड टनाच्या एसीला ४ ची वायर आणि २० चा सी कर्व्ह, कारण सुरू होताना तो झटका घेतो. दोन्हींच्या वायरी डीबीपासून (सगळे एमसीबी असलेला मुख्य बोर्ड) थेट, मध्ये जॉइंट नको.

नवीन वायरीवर आयएसआय छाप आहे एवढ्यावर भागवू नका. ९० मीटरची गुंडाळी विकत घेतल्यावर दोन्ही टोकं मल्टिमीटरला लावून रोध मोजा. लवचीक वायरीत १.५ ला जास्तीत जास्त १.२ ओम, २.५ ला ०.७२ ओम. मीटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवून येणारा आकडा आधी वजा करायचा. दीड ओम आला तर तांबं कमी आहे किंवा लांबी जास्त; लांबी जास्त देणारा व्यापारी अजून जन्मायचा आहे.

जॉइंटची तपासणी थंड बोर्डावर करून काही कळत नाही. अर्धा तास पूर्ण लोड चालवायचा, मग थर्मल कॅमेऱ्याने किंवा इन्फ्रारेड थर्मामीटरने डीबी बघायचा. शेजारच्या, तेवढाच लोड घेणाऱ्या टर्मिनलपेक्षा एखादं टर्मिनल १५ अंशांनी जास्त तापलं असेल तर तिथे स्क्रू ढिला आहे किंवा वायरीचे तंतू कापलेले आहेत. स्क्रू आवळायचा तो मेन बंद करून आणि कंपनीने दिलेल्या जोराने. घरगुती एमसीबींना बहुधा २ ते २.५ न्यूटन-मीटर. त्याहून जास्त पिळला की आतला पिंजरा फाटतो. बारीक तंतूंच्या वायरीला लग किंवा फेरूल (टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) दाबून मगच आत घाला. मीटरपासून मेन स्विचपर्यंत अॅल्युमिनियमची वायर असेल आणि पुढे तांब्याची नुसती पीळ देऊन जोडली असेल, तर तो जॉइंट न तपासताच बदला. दोन्ही धातू एकत्र असले की ओलीने गंजतात, तापतात. बोर्डातून येणारा कुजलेल्या मासळीसारखा वास हा प्लास्टिक तापल्याचा वास असतो.

मीटरच्या अलीकडचं, म्हणजे सर्व्हिस वायर, मीटर आणि त्याचं सील, याला हात लावायचा नाही. ते हेस्कॉमचं (इथली वीजपुरवठा कंपनी). मेन बंद केला तरी ती बाजू जिवंतच असते. खांबावर ठिणग्या दिसल्या, सर्व्हिस वायर पत्र्याला घासत असली तर १९१२ वर तक्रार नोंदवा.

दुकान आणि मागाची शेड

दुकानात कापडाचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले असतात, आणि त्यांच्या मागे नेमका एक बोर्ड सापडतो. बोर्डासमोर मीटरभर जागा रिकामी. गठ्ठ्यावर टेकलेला हॅलोजन किंवा छताच्या पीओपीत कोंबलेला एलईडी ड्रायव्हर, दोन्ही बाहेर काढा.

तीन फेजची जोडणी असेल तर न्यूट्रलवर फ्यूज किंवा एकटा स्विच कुठेही नको. न्यूट्रल तुटला की ज्या फेजवर लोड कमी त्याचा दाब ४०० च्या दिशेने चढतो आणि त्या लाईनवरचे टीव्ही, बिलिंगची मशिनं एका झटक्यात जातात. लोड चालू असताना न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजा. दोन-तीन व्होल्ट ठीक, १० च्या पुढे गेला तर न्यूट्रलचा जॉइंट कुठेतरी हलका झालाय.

मागाच्या शेडमध्ये शत्रू सुताची धूळ. ती उघड्या स्टार्टरच्या कॉन्टॅक्टवर बसते, मोटरच्या फॅनच्या जाळीत बसते, मोटर तापते, आणि तीच धूळ पेटायला ठिणगी पुरते. किटकॅट फ्यूजमध्ये (तार घालायचा जुना चिनी मातीचा फ्यूज) तांब्याचे दोन-तीन तंतू पिळून घातलेले असतील तर तो फ्यूज राहिला नाही, नुसता जॉइंट झाला. एका अश्वशक्तीची मोटर पूर्ण लोडवर पावणेदोन-दोन अँपिअर घेते; नेमप्लेटवरचा आकडा बघून ओव्हरलोड रिले (मोटरने जास्त करंट घेतला की ती बंद करणारा स्विच) तेवढ्यावरच लावा. 'पडतोय' म्हणून पाचवर नेलेला रिले एक फेज गेल्यावर मोटर जाळूनच थांबतो. प्रत्येक मोटरच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या अर्थिंग वायरी नियमाने लागतात. एका मागावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी साखळी केलेली असते. मधला माग दुरुस्तीला काढला की पुढचे सगळे बिनअर्थिंगचे होतात. शेडचा पत्रा आणि लोखंडी खांबही अर्थिंगला जोडा. पत्र्याला वायर घासून अख्खी शेड करंट मारायला लागते, ती पहिल्या पावसात.

मंडपाला दुकानातून वायर द्यायची वेळ गणेशोत्सवात येतेच. द्या, पण ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरून, तीन कोअरच्या केबलने, जॉइंट जमिनीवर न ठेवता. दुकानाच्या सॉकेटमध्ये उघड्या तारा काडी कोंबून बसवलेल्या दिसल्या तर बंद करा, मंडळाचे कार्यकर्ते चिडले तरी.

घरात इन्व्हर्टर असेल तर लाईट गेल्यावरही आरसीसीबीचं संरक्षण मिळतं का ते बघून घ्या. इन्व्हर्टरच्या आउटपुटवर स्वतंत्र आरसीसीबी लागतो, आणि बॅटरीवर चालताना न्यूट्रल आतून सलग राहतो का हे मीटरनेच कळतं.

कोण करणार, आणि कागदावर काय

विद्युत परवाना असलेल्या कंत्राटदाराकडून करून घ्या. परवान्याचा नंबर आणि त्याची मुदत दोन्ही बघा. इमारत १५ मीटरपेक्षा उंच असेल, उच्चदाबाची जोडणी, मोठा जनरेटर किंवा लिफ्ट असेल तर सरकारी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाची मंजुरीही लागते. तुमच्या घराला ती बहुधा लागणार नाही. एसी-गीझर धरून एकूण लोड बिलावरच्या मंजूर लोडपेक्षा जास्त होत असेल तर हेस्कॉमकडे वाढवून घ्या, नाहीतर सर्व्हिस वायर आणि मीटर आधी तापतात. अर्ज-बिलं कन्नडमध्ये असतात. अहवाल मात्र तुम्हाला वाचता येईल अशा भाषेत मागा.

'सर्व ठीक' एवढं लिहिलेला कागद घेऊ नका, पैसेही त्यावर देऊ नका. कागदावर प्रत्येक सर्किटचं नाव, वायरीचा आकार, एमसीबीचा आकडा आणि कर्व्ह, मेगरचं रीडिंग, आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडला ते, लूपचा किंवा खड्ड्याचा रोध, आणि मोजणीची तारीख. तारीख नसेल तर बाकीचे आकडे फुकट, १.८ ओमचं तुमच्याकडे तेच झालंय. घराला दर पाच वर्षांनी पूर्ण तपासणी, दुकान आणि शेडला दरवर्षी.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा: आज-उद्या आरसीसीबी परत, पडला तर न्यूट्रल सोडवून शोध. मग डीबी, वायरीचे आकार आणि जॉइंट. अर्थिंग मेमध्ये, वळवाआधी, आणि तेव्हाच लागला तर दुसरा पाईप, कारण तेव्हा खणलेला खड्डा कोरडा असतो आणि आत काय टाकलं ते दिसतं. त्यानंतर एसी आणि गीझर. श्रावणात झड उघडली की मेगर घेऊन परत एकदा, निदान गच्चीखालच्या आणि शेडच्या लाईनी. त्यातली एखादी १ मेगाओमच्या खाली आली तर तिचा एमसीबी खाली करून न्यूट्रलही बारवरून सोडवून ठेवा, आणि पाऊस संपेपर्यंत ती लाईन वापरू नका. ऑक्टोबरमध्ये वायर ओढून काढताना पाईपात अडकली तर पाईप फोडायच्या मागे न लागता भिंतीवरून नवी पट्टी मारा. स्लॅबमधला चेमटलेला पाईप परत सरळ होत नाही.